बारब्राकडचे शुक्रवार

दुकानातल्या ब्रेडच्या शेल्फांच्या रांगेपलीकडून रुहीचा आवाज आला आणि मी कोथिंबिरीची जुडी हातात धरून तशीच उभी राहिले. शुक्रवार होता, जुलैतली दुपार, साडेचारचा सुमार. ऑफिसातून लवकर निघून मी मुद्दाम गर्दीच्या आधी दुकान गाठलं होतं. आवाज तिचाच होता यात शंका नाही, पोटच्या पोरीचा आवाज आईला झोपेतही ओळखू येतो. पण तो घरातला आवाज नव्हता. घरात रुही बोलते ती विमानतळावरच्या सूचनेसारखी, स्वच्छ, थंड, सगळ्यांना एकसारखी. 'डिनर वॉज फाइन.' 'आय हॅव प्रॅक्टिस.' हा आवाज खालच्या पट्टीतला होता, थोडा ओलसर, वाक्य संपता संपता हसू सांडणारा. आणि त्यातला शब्द एकही कळत नव्हता. आधी वाटलं स्पॅनिश. शाळेत चार वर्षं स्पॅनिश आहे तिला. पण स्पॅनिश मी ऑफिसात रोज ऐकते, ते असं घशाच्या तळातून येत नाही. मी रांगेच्या टोकाशी जाऊन डोकावले. माझी मुलगी एका म्हाताऱ्या गोऱ्या बाईची कार्ट ढकलत होती. बाईनं भर जुलैत राखाडी कोट घातला होता. रुहीचा एक हात त्या कोटाच्या बाहीवर होता, सहज, ठेवून विसरल्यासारखा, आणि दुसऱ्या हातानं ती पाव दाबून बघत काहीतरी सांगत होती. म्हातारी हसली. रुही हसली. मी मागे सरकले. का सरकले ते तेव्हा कळलं नाही. आता चांगलं कळतं. आपल्या नवऱ्याला परक्या बाईबरोबर पाहिलं की बाई अशीच आडोशाला होते.

ती बाई म्हणजे बारब्रा कॉनीली, हे मला माहीत होतं. म्हणजे नाव माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी शाळेच्या सेवातासांसाठी रुहीनं लायब्ररीत नाव नोंदवलं आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना पुस्तक वाचून दाखवायचं काम तिला मिळालं. आमच्या मागच्याच रस्त्यावरच्या बैठ्या घरात राहणारी, तेव्हा ब्याऐंशी वर्षांची बाई. सहा महिने वाचायचं होतं. तास पुरे झाले, सर्टिफिकेट आलं, आणि रुही दर शुक्रवारी जातच राहिली. विचारलं तर म्हणाली, "शी'ज टीचिंग मी आयरिश." आमच्या गावाचं नाव डब्लिन. हे ओहायोतलं डब्लिन. जिथे तिथे तीन पानांची हिरवी पाती रंगवलेली, ऑगस्टात तीन दिवस आयरिश जत्रा, पण आयर्लंडमध्ये जन्मलेला माणूस गावात शोधून सापडायचा नाही. तेलुगू माणूस न शोधता सापडतो. त्यामुळे मला वाटलं, शिकते तर शिकू दे, चार शब्द शिकेल आणि कंटाळेल. माझा नवरा गुरुनाथ, त्याला तर आनंदच झाला. "कॉलेज ॲप्लिकेशनला मस्त दिसेल यार," तो म्हणाला. "व्हायोलिन तर सगळीच पोरं वाजवतात. आयरिश कुणाला येतं?" मीही मान हलवली होती. आता दुकानात कोथिंबीर हातात घेऊन मी उभी होते आणि मला कळत होतं की माझी मुलगी कुणाच्या तरी घरात राहायला गेली आहे आणि आमच्याकडे फक्त झोपायला येते.

आणि मी कोण, तर मी मराठी शिकवते. गेली बारा वर्षं, दर रविवारी सकाळी दहा ते बारा, भाड्यानं घेतलेल्या शाळेच्या दोन वर्गांत चौतीस पोरं. निधी नावाची सात वर्षांची मुलगी आहे, घरी आईबाप दोघंही इंग्रजीच फाडतात, तरी ती माझ्याकडे येऊन "बाई, माझा डबा सांडला" म्हणते आणि मला भरून येतं. घरी यावं, रुहीला विचारावं, "जेवलीस का गं?" तर उत्तर येतं, "येप." सगळं कळतं तिला. मी फोनवर माझ्या बहिणीशी बोलते ते कळतं, तिच्याबद्दल बोलते ते तर फारच कळतं. बोलायचं मात्र नाही. आमच्या मराठी मंडळातल्या सगळ्यात जुन्या वसुधाकाकू, काका डॉक्टर होते, बहात्तर साली आलेल्या. त्या एकदा पोहे वाढता वाढता म्हणाल्या, "सुचित्रा, वाईट वाटून घेऊ नकोस हो, पण दिव्याखाली अंधार." वाईट वाटून घेऊ नकोस म्हटलं की समजावं, वाईट वाटावं म्हणूनच बोललेलं आहे. मी हसून आणखी पोहे मागून घेतले. त्या दुपारी दुकानातून निघाले, गाडीत बसले, आणि एसी लावायचंही विसरून घामाघूम होत फोनवर शोधत बसले, की आयरिश रोजच्या रोज बोलणारी माणसं जगात आहेत तरी किती. निघाली काही हजार. एखाद्या तालुक्यात मावतील एवढी. आपली आठ-नऊ कोटी. आठ-नऊ कोटी माणसं ओलांडून माझी पोरगी त्या मूठभरांत जाऊन बसली. मत्सर हा शब्द मला नाटकी वाटायचा, पौराणिक. पण गाडीत बसून माझ्या छातीत जे काही चाललं होतं त्याला दुसरं नाव नाही.

नंतर मी तिच्यावर पाळतच ठेवली म्हणा. शुक्रवारी संध्याकाळी ती परत आली की तिच्या स्वेटशर्टला चहाचा आणि जुन्या लोकरीचा वास यायचा. मी कपडे धुवायला घेताना तो हुंगायची. ही कसली आई, असं मनात यायचं आणि तरी हुंगायची. जेवताना मी आडून विचारायची, "मग काय शिकलीस आज?" एकदा ती खुशीत होती. इंग्रजीतच म्हणाली, की ते लोक भेटल्यावर हॅलो म्हणत नाहीत. एक जण म्हणतो, देव तुझ्यासोबत असो. तर दुसऱ्यानं नुसतं तेच परत म्हणायचं नाही, त्यात भर घालायची, देव आणि मेरी तुझ्यासोबत असोत. जेवढं मिळालं त्याहून थोडं जास्त द्यायचं. मी पटकन म्हणाले, "आपल्याकडे नाही का, राम राम म्हटलं की उलट राम राम, पाव्हणं?" तिचा चेहरा मिटला. मी काय चुकीचं बोलले? काही नाही. पण तिनं आणलेली वस्तू तिनं मांडायच्या आत मी माझ्या फडताळात ठेवून दिली होती. मला सवयच आहे ती. शिक्षकी पेशा. "नेव्हर माइंड," ती म्हणाली आणि ताट उचलून सिंककडे गेली. बारब्राच्या घरी ती ताट उचलून जात नसेल. तिथे ती बसून राहत असेल, काळोख होईपर्यंत, पाय वर घेऊन.

ती पूर्वी बोलायची. हे मी कुणाला सांगत नाही, कारण मग पुढचंही सांगावं लागतं. पाच वर्षांची होईपर्यंत रुही घरात मराठीच बोलायची, पहाटेपासून, तोंडाचा पट्टा थांबायचाच नाही. एका रविवारी ती माझ्या आईला, अकोल्याला, व्हिडिओ कॉलवर आमच्या मागच्या अंगणातल्या खारींच्या लग्नाची गोष्ट सांगत होती. अकरा मिनिटं. नवरदेव खार कुठून आला, वरातीत कोण कोण नाचलं, जेवणात अक्रोड कमी कसे पडले, व्याही कसे रुसले. सगळं तिच्या मनातलं, सगळं तिच्या मराठीत. त्या मराठीत काय काय चुकत होतं ते मी इथे सांगणार नाही. एकदा सांगून झालंय, ते पुरे आहे. मी ते रेकॉर्ड केलं आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं, मग मंडळाच्या ग्रुपवर. लोक हसून हसून लोळले. किती गोड, किती गोड! पुण्याहून, नागपूरहून, प्लेनोहून, सांता क्लाराहून, ओळख ना पाळख, फोन आले. दोन महिन्यांनी मंडळाच्या गणपतीत कुणीतरी तिला उचलून स्टेजवर ठेवलं, हातात माइक दिला. "आता आपली रुही खारींचं लग्न सांगणार!" तिनं पहिलं वाक्य म्हटलं. त्यात काहीच चुकलं नव्हतं. पण लोकांनी व्हिडिओ पाहिलेला होता, ते आधीच हसायला लागले. ती थांबली. तिनं मला शोधलं. मी पहिल्याच रांगेत होते. मी हसत होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, अभिमानानंच, देवाशपथ अभिमानानं. ती बघत राहिली. गाडीत बसल्यावर तिनं सीटबेल्ट स्वतःच लावला आणि म्हणाली, "आय डोन्ट वाँट टू टॉक." गुरुनाथ म्हणाला, दमलीय. त्यानंतर काही दिवस ती मराठी बोलली तर मी दुरुस्त करायची, प्रेमानं, पुन्हा कुणी हसू नये म्हणून. मग दुरुस्त करायला काही उरलंच नाही. त्याच वर्षी मी मराठी शाळा सुरू केली.

ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी जत्रेत गोष्टींच्या तंबूत तिचं नाव होतं. तिनं सांगितलं नव्हतं. गुरुनाथनं छापील कार्यक्रमात पाहिलं. आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो. पुढे, अगदी पुढे, राखाडी कोट. रुही स्टेजवर आली, आधी इंग्रजीत म्हणाली, की ही गोष्ट तिला जिच्याकडून मिळाली ती बाई इनिशरोन नावाच्या बेटावर जन्मली. एकोणीसशे साठच्या ऑक्टोबरात एका सकाळी बेटावरची उरलेली एकतीस माणसं डांबर फासलेल्या कापडाच्या होड्यांत बसून निघाली. कोंबड्या टोपल्यांत घातल्या, गाई होड्यांना बांधून पोहत नेल्या, घरांची दारं उघडीच ठेवली. तेव्हापासून तिथे कुणी राहत नाही. तिथून बारब्रा आली क्लीव्हलंडला, विसाव्या वर्षी, आणि इंग्रजी तिथे शिकली. मग रुहीनं गोष्ट सुरू केली, एक तुकडा आयरिशमध्ये, एक इंग्रजीत. लिर नावाच्या राजाची चार मुलं. त्यांची आई मेली तेव्हा राजानं तिच्याच बहिणीशी, ईफाशी लग्न केलं. म्हणजे सख्खी मावशीच सावत्र आई. राजाचा पोरांवर फार जीव. तो त्यांच्याच खोलीत निजायचा, पहाटे उठून त्यांच्यातच जाऊन बसायचा. ईफा एकटी पडली. एक दिवस तिनं पोरांना तळ्यात अंघोळीला पाठवलं आणि शाप देऊन त्यांचे हंस केले, नऊशे वर्षांसाठी. पण त्यांची भाषा मात्र त्यांच्याकडेच राहू दिली. लोक मान वेळावून ऐकत होते, पोरांसाठी हळहळत होते. मला विचाराल तर मला ईफाचं सगळं पटलं. दाराबाहेर उभं राहून आतलं बोलणं ऐकत बसणं काय असतं ते त्या राजाला काय कळणार?

गुरुनाथनं फोन वर केला रेकॉर्डिंगसाठी. मी त्याचा हात धरून खाली ओढला. "अगं, का?" तो कुजबुजला. "नको," मी म्हणाले. एवढं तरी मला कळत होतं. मध्येच रुही अडली. शब्द गेला. आणि माझे ओठ हलायला लागले, ज्या भाषेतलं मला ओ की ठो कळत नाही तिच्यातला शब्द मी तिला पुरवायला निघाले होते. बारब्रा नुसती आपल्या हातांकडे बघत बसून होती, तिला जसा काही सगळा दिवस मोकळा होता. रुहीला शब्द सापडला. गोष्ट संपली, टाळ्या झाल्या. स्टेजवरून उतरून ती सरळ त्या म्हातारीकडे गेली आणि तिच्या पायाशी गवतात बसली. म्हातारीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. आमच्याकडे ती नंतर आली. "यू गाइज केम," म्हणाली. मी म्हणाले, "छान सांगितलंस." "थँक्स," ती म्हणाली. सौजन्यानं. माझ्या रविवारच्या वर्गातली पोरंसुद्धा मला याहून जवळची वाटतात, असं मला तेव्हा वाटलं आणि लगेच माझा मलाच राग आला.

मंगळवारी मी घरून काम करत होते. रुही उन्हाळाभर गावच्या स्विमिंग पूलवर लाइफगार्ड होती, ती सकाळीच गेलेली. अकराला बेल वाजली. दारात बारब्रा, वॉकर धरून, तोच कोट घालून, धाप लागलेली. एवढा रस्ता चालत आली होती. "कशी आहेस गं सुचित्रा?" ती म्हणाली. मराठीत. आणि तो 'गं' पडला, अगदी जिथे पडायला हवा तिथे. मी तिला आत घेतलं, बसवलं, पेला पुढे केला. "पाणी," ती म्हणाली आणि परीक्षेत पास झाल्यासारखी हसली. मग इंग्रजीत सांगू लागली. रुहीचा आणि तिचा पहिल्या दिवसापासूनचा करार होता. एक शब्द घ्यायचा तर एक द्यायचा. "फुकटात मी कुणाला काही देत नाही," ती म्हणाली, "आणि म्हातारपणी एक नवी भाषा घ्यावी म्हटलं." कोटाच्या खिशातून तिनं वही काढली. उजवीकडे तिचे शब्द, डावीकडे आमचे, रोमन अक्षरांत, थरथरत्या हातानं लिहिलेले. पानामागून पान. मी उलटत गेले. ऊन. उंबरठा. खार. हुरहूर. ओशाळणं. सांजवात. हे शब्द रुहीकडे? कुठून आले? माझ्याकडूनच आले, दुसरीकडून कुठून येणार. बारा वर्षं ती माझं बोलणं गुपचूप गोळा करत होती आणि दर शुक्रवारी नेऊन त्या घरात मांडत होती. इथे तिच्या तोंडून एका साध्या 'हो'साठी मी तरसत होते. "आणि हे तिनं दिलेलं पहिलं पूर्ण वाक्य," बारब्रा म्हणाली आणि बोट ठेवून वाचलं, हळूहळू, प्रेमानं. "आई हसली." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "सुंदर वाक्य आहे. मी रोज सकाळी म्हणते. दिवस चांगला जातो."

तिला ठाऊक नव्हतं. तिनं मला भोसकलं आणि तिला ठाऊकच नव्हतं, म्हणून तर मला तिचा जास्त राग आला. ती पुढे बोलत होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, विसरण्याचा आजार आहे, वेगानं वाढणारा. मुलगा फीनिक्सला असतो, तो न्यायला येतोय, शुक्रवारी सकाळचं विमान. "इंग्रजी आधी जाईल म्हणतात," ती म्हणाली. "उशिरा आलेला पाहुणा आधी उठतो. मग मी माझ्या भाषेत बोलेन आणि माझ्या पोरांना त्यातलं काही कळणार नाही. कधी शिकवलीच नाही मी त्यांना. लाज वाटायची त्या काळी." तिनं वही मिटून परत खिशात घातली. "एक गोष्ट राहिलीय. माझ्या आजीची, बेटावरच्या आमच्याच घराची. ती कुठे लिहिलेली नाही, कुणाला माहीत नाही. रुहीला द्यायचीय. फोनवर मला ऐकू येत नाही. तिला सांगशील? गुरुवारी, चारच्या आत. हल्ली चारनंतर माझं डोकं चालत नाही." मी म्हणाले, "हो, सांगते." दारापर्यंत सोडायला गेले. ती उतरणीवर वॉकर टेकत टेकत गेली, एकदा वळून हात केला. मीही केला.

संध्याकाळी रुही आली, केस ओले, क्लोरीनचा वास. "हाय," म्हणाली. "हॅलो," मी म्हणाले. जेवताना गुरुनाथ ऑफिसातलं काहीतरी सांगत होता. मी भेंडी वाढत होते आणि वाक्य जिभेवर होतं. अगं, बारब्रा आली होती. एवढंच. मी ते गिळलं, पाण्याबरोबर. उद्या सांगू, गुरुवारला अजून वेळ आहे. बुधवारी म्हटलं, सकाळी घाईत कशाला, रात्री सांगू. रात्री तिच्या खोलीचं दार लावलेलं होतं. खोटं मी बोलले नाही, फक्त बोलले नाही, असं मी स्वतःला समजावत होते. आणि समजावताना मला हेही कळत होतं की ही पळवाट आहे आणि ती मला आवडते आहे. गुरुवारी ऑफिसात मी दोनदा फोन हातात घेतला. दोन वाजले. तीन वाजले. मीटिंग होती, कुणीतरी स्क्रीनवर तक्ते दाखवत होतं. मला डोळ्यांपुढे वहीचं पान दिसत होतं. त्या बाईनं माझ्या पोरीची बोली नेली, हसू नेलं, दोन वर्षांचे शुक्रवार नेले. एक गोष्ट द्यायची राहिली तर काय बिघडलं? मिळू दे की तिलाही थोडं कमी. चार वाजले. मी फोन पालथा ठेवला. मला बरं वाटलं. वाईट वाटायला सुरुवात झाली ती साडेचारला, आणि मग ते थांबेचना.

शुक्रवारी रुही नेहमीच्या वेळेला गेली. मी तिला खिडकीतून जाताना पाहिलं, हातात केळ्याच्या ब्रेडचा तुकडा फॉइलमध्ये बांधलेला. मी ओट्याशी उभी राहिले आणि घड्याळाकडे बघत राहिले. एरवी ती दिवेलागणीला यायची. त्या दिवशी तासाभरात आली. दार लोटलं, चपला काढल्या नाहीत. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. फॉइलचा तुकडा हातातच होता.

"आई," ती म्हणाली.

गेली बारा वर्षं मी मॉम होते. मी नळ बंद केला.

"तू मंगळवारी तिला भेटलीस. ती इथे आली होती. तिची सून घर आवरत होती, तिनं सांगितलं मला." ती अडखळत नव्हती. सावकाश बोलत होती, वजन करून ठेवल्यासारखा एकेक शब्द. "गुरुवारी ती सकाळपासून कोट घालून दाराजवळ बसली होती. जेवली नाही. चार वाजले तरी उठली नाही. सून म्हणाली, आत चला, तर म्हणाली, मुलगी येतेय. मग अंधार झाला, मग ती इंग्लिश बोलायचीच थांबली. तुला माहीत होतं. तू मला सांगितलं नाहीस."

"रुही," मी म्हणाले.

"थांब. मी फोन लावला. सुनेनंच लावून दिला, फीनिक्सला. तिच्या मुलानं आवाज मोठा करून तिच्या कानाला लावला. मी तिच्याशी बोलले, तिच्या भाषेत. तिला मी आठवत नव्हते. प्रवासानं असेल. तिनं मला विचारलं, कुणाची गं तू? त्यांच्या बेटावर असंच विचारतात. नाव विचारत नाहीत. आपण कुणाचे ते सांगायचं, आईचं नाव, बापाचं नाव, आणि ते ओळखीचं निघालं तरच घरातली गोष्ट सांगतात. परक्याला सांगत नाहीत."

मी ऐकत होते. मी काय ऐकत होते, ते सांगते, कारण खोटं बोलून आता उपयोग नाही. तिच्या तोंडून माझी भाषा येत होती, पाठ केलेली नव्हे, राहती, माझ्या आईच्या वळणाची, आणि लाज वाटायच्या आधी मला आनंद झाला. किती सुंदर बोलते ही, असं वाटलं. तिचे डोळे लाल होते, एका म्हातारीची शेवटची गोष्ट मी तिच्या हातून काढून घेतली होती, आणि मला तिनं आणखी बोलावं असं वाटत होतं. माझ्या तोंडाशी माफीचा शब्द आला होता. खरंच आला होता. पण त्याच्या पुढे दुसरंच काहीतरी घुसलं.

"मग?" मी विचारलं. "मग तू काय सांगितलंस? कुणाची म्हणालीस?"

रुही माझ्याकडे बघत राहिली. तिचा चेहरा हळूहळू सरळ झाला, नेहमीसारखा, स्वच्छ, थंड. हातातलं फॉइल तिनं माझ्या ओट्यावर ठेवलं, उकललेलं टोक नीट दुमडून.

"डझन्ट मॅटर, मॉम," ती म्हणाली, आणि जिना चढून वर गेली.